पाळणा कोणाच्या हिशेबाने?

दरवर्षी ११ जुलै रोजी जागतिक लोकसंख्या दिन येतो आणि त्याच्या पाठोपाठ सरकारी आरोग्य खात्याचा पंधरवडा सुरू होतो. रुग्णालयांच्या फाटकांवर कापडी फलक चढतात, छोट्या कुटुंबाचे गोडवे गायिले जातात, आणि पंधरवड्याच्या अखेरीस अमुक जिल्ह्याने इतक्या शस्त्रक्रिया करून आघाडी मारली अशा मजकुराची पत्रके वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन पडतात. अनेक वर्षांचा हा परिपाठ असल्यामुळे त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु अलीकडे या परिचित सुरात एक वेगळा सूर मिसळू लागला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी आपल्या राज्यातील कुटुंबांनी अधिक मुले होऊ द्यावीत असे आवाहन केले. आणि दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यांस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीस अपात्र ठरविणारी तरतूद त्या राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी काढून टाकली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर २.१ च्या खाली जाणे समाजास घातक असल्याचे सांगून दोनांहून अधिक अपत्यांची आवश्यकता प्रतिपादिली. कालपर्यंत ‘दोन पुरेत’ म्हणून ज्या घराचे दार ठोठावले जात होते, त्याच घराचे दार उद्या ‘आणखी एक होऊ द्या’ म्हणून ठोठावले जाईल, अशी चिन्हे दिसत आहेत.

या नव्या चिंतेस आकड्यांचा आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. देवनारच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका भारतीय स्त्रीस आयुष्यात सरासरी २.० अपत्ये होतात. महाराष्ट्रात तर हे प्रमाण १.७ वर आले आहे. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा जेमतेम भरून काढील त्यासाठी २.१ हा दर लागतो. तेव्हा पुढच्या काही दशकांत म्हाताऱ्यांची संख्या वाढेल आणि मिळवते हात तुलनेने कमी पडतील, हे लोकसंख्याशास्त्रज्ञांचे भाकीत हसण्यावारी नेण्याजोगे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. मुले कमी करा म्हणणारे आणि मुले वाढवा म्हणणारे, हे दोघेही राष्ट्राच्या जमाखर्चाची एकच वही उघडून बसलेले आहेत. त्या वहीत स्त्रीची कूस ही एक रक्कम आहे. कधी ती खर्चाच्या बाजूस मांडावयाची, कधी जमेच्या. आणि ज्या संततिनियमनाच्या सेवेचे समर्थन सत्तर वर्षे केवळ लोकसंख्येच्या भीतीवर केले गेले, ती भीती ओसरल्यावर त्या सेवेचे काय होणार, याचा विचार कोणी करीत असल्याचे दिसत नाही.

हा विचार करण्याचा पहिला अधिकार, आणि म्हणून पहिली जबाबदारी, मराठी माणसाची आहे. या देशात संततिनियमनाचे पहिले केंद्र मुंबईत निघाले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ते १९२१ साली काढले. मेरी स्टोप्सबाईंचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. परंतु त्या वर्षाची एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा हिंदुस्थानची लोकसंख्या वाढलेली नव्हती. इन्फ्लुएन्झाच्या साथीने १९१८ साली घातलेल्या थैमानामुळे ती दहा वर्षांपूर्वीच्या मानाने किंचित घटली होती. म्हणजे ज्या क्षणी राष्ट्राच्या वहीत संततिनियमनाची गरज दाखविणारी एकही ओळ नव्हती, नेमक्या त्या क्षणी गणिताचा हा प्राध्यापक त्या कामास उभा राहिला. गणित त्याला खात्रीने येत होते! त्याच्या भूमिकेचा पाया वेगळा होता. वारंवारच्या बाळंतपणांनी बायका झिजतात आणि मरतात; मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत आणि व्हावीत की नाही, हे ठरविण्याचा अधिकार जिला ते पोटात वाढवावे लागते तिचा आहे; आणि कामसुखासाठी तिने अपत्याचा दंड भरलाच पाहिजे असा निसर्गाचा वा धर्माचा हुकूम नाही. एवढे उघड बोलण्याची किंमत कर्व्यांनी पुरेपूर मोजली. १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून आणि खटले अंगावर घेऊन, ते चालविले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाची साधने सरकारने लोकांस उपलब्ध करून द्यावीत असा ठराव आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तो मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला, हे आमच्या प्रांताच्या इतिहासात नोंदलेलेच आहे.

स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर स्वीकारणारे जगातील हे पहिले राष्ट्र. त्याच वर्षी मुंबईत जगभरच्या कार्यकर्त्यांची परिषद भरली आणि धन्वंतीबाई रामराव, आवाबाई वाडिया प्रभृतींच्या पुढाकाराने कुटुंबनियोजनाच्या आंतरराष्ट्रीय संघाचा जन्म येथेच झाला. आरंभ असा दिमाखदार होता. पण कार्यक्रमाची वाट प्रथमपासूनच थोडी वाकडी पडली. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना गांधीजींच्या शिकवणुकीमुळे कृत्रिम साधने मान्य नव्हती. म्हणून सरकारने ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याचा प्रयोग केला आणि दिवसांचा हिशेब राहावा यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. ज्या घरात दिवसाकाठी एक क्षण स्वतःचा मिळण्याची मारामार, तेथे मणी सरकवून नवऱ्याला थोपवून धरण्याची अपेक्षा बाळगणाऱ्यांच्या भाबडेपणाचे कौतुक करावे की कीव करावी, हे आम्हांस आजही ठरविता येत नाही.

१९६५ साली लूप आला. लूप हे साधन वाईट नव्हते. पण ते बसविण्याची जेवढी घाई झाली, तेवढी नंतर विचारपूस करण्याची झाली नाही. कोणाला रक्तस्राव होई, कोणाच्या पोटात दुखे. अशा बाईला धीर देणारे, तपासणारे आणि जरूर तर लूप काढून देणारे माणूस गावात नसे. गावोगाव अफवा पसरल्या आणि चांगल्या साधनाची बदनामी झाली. एखादी गर्भनिरोधक वस्तू आणि गर्भनिरोधनाची सेवा या दोहोंमध्ये किती अंतर आहे हे आपल्याला तेव्हाच कळावयास हवे होते. ते कळले नाही, आणि ज्यात विचारपूस करण्याची कटकट नाही अशा उपायाकडे, म्हणजे शस्त्रक्रियेकडे, सारा कारभार वळला. एकदा केली की काम संपले आणि आकडाही लागला!

या वृत्तीची परिसीमा आणीबाणीत झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांवर होत्या. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही, एवढेच आपले सुदैव. १९७७ च्या मार्चमध्ये मतदारांनी त्या राजवटीचा निकाल लावला आणि सक्ती करणारे पायउतार झाले. येथवरची कथा आपल्याला पाठ आहे. तिचा पुढचा भाग मात्र आपण सांगत नाही. पुरुषांची नाराजी किती महाग पडते हे सर्व पक्षांस त्या निवडणुकीने शिकविले. तेव्हापासून पुरुषाच्या वाटेला जाण्याचे धाडस कोणत्याही सरकारने केले नाही. आणि कार्यक्रमाचा सगळा भार निमूटपणे, कोणताही आदेश न काढता, बायकांच्या अंगावर सरकविण्यात आला. बायकांनी कोणाचे सरकार पाडले नव्हते.

आजचे आकडे त्या सरकविण्याची साक्ष देतात. पाचव्या पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. ज्यांच्या पतीची नसबंदी झाली आहे अशा स्त्रियांचे प्रमाण ०.३ टक्के. महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे, ४९.१ टक्के, आहे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया ही दोहोंत कितीतरी सोपी. तीत पोट उघडावे लागत नाही, पूर्ण भूल द्यावी लागत नाही, बिनटाक्याच्या पद्धतीने ती पाव तासात आटोपते. मात्र त्यानंतर सुमारे तीन महिने, वीर्यतपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते. तरीही ‘अशक्तपणा येतो’ या एका निराधार समजुतीपुढे सारे वैद्यकशास्त्र हात टेकून बसले आहे. त्याच पाहणीत दर शंभर पुरुषांपैकी ३५ पुरुषांनी गर्भनिरोधन हे बायकांचे काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही, या विधानास मान डोलाविली.

आणि बायकांवरील ही शस्त्रक्रिया कशी होते? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका शल्यविशारदाने काही तासांच्या अवधीत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. तेथील व त्याच सुमारास भरलेल्या शिबिरांतील मिळून तेरा बायका दगावल्या. त्यांतील बहुतेक जणी तरुण होत्या, घरी लहान मुले होती. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत असली शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. ‘उद्दिष्ट’ हा शब्द केंद्र सरकारने १९९६ सालीच कागदावरून पुसला होता. बिलासपूरची शिबिरे भरली ती त्यानंतर अठरा वर्षांनी.

शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. ज्या स्त्रीला मुले पुरे झाली आहेत, तिने विचारपूर्वक निवडलेला तो एक उत्तम मार्ग आहे. आक्षेप आहे तो त्याआधीच्या रिकाम्या वर्षांवर. महाराष्ट्रात विशी ते चोविशीच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले होते, असे हीच पाहणी सांगते. अशा मुलीला लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात दिवस राहतात, दुसरे मूल पाठोपाठ येते, आणि पंचविशीच्या आसपास तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेले जाते. पहिले मूल थोडे उशिरा व्हावे, दोहोंत तीन वर्षांचे अंतर राहावे, असे तिला वाटत असेलही. पण ते तिला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी तिच्या हाती काय ठेवले असते? तांबी वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशात अवघे दोन टक्के आहे, गोळ्या घेणाऱ्यांचे पाच, आणि निरोध वापरणाऱ्या जोडप्यांचे साडेनऊ. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधून काढलेली, संप्रेरकरहित अशी आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी १९९१ साली बाजारात आली. सरकारी आरोग्य केंद्रांतून ती ‘छाया’ या नावाने विनामूल्य मिळू लागली ती २०१६-१७ च्या सुमारास. स्वदेशी शास्त्रज्ञांच्या कर्तबगारीबद्दल आपण भाषणे पुष्कळ करतो. त्यांची गोळी लखनौहून गडचिरोलीच्या उपकेंद्रापर्यंत न्यायला पंचवीस वर्षे लावतो.

पाळणा लांबविण्याची साधने वेळेवर मिळाली नाहीत की त्याचा परिणाम काय होतो, याचे उत्तर २०१५ सालच्या परिस्थितीवर आधारलेल्या एका अभ्यासाने दिले. देवनारची संस्था आणि दोन आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी मिळून केलेला हा अभ्यास ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात जानेवारी २०१८ च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात भारतात ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या त्या वेळी तरी नको असलेल्या होत्या. गर्भपातांची संख्या १ कोटी ५६ लाख भरली. सरकारी दप्तरात तेव्हा वर्षाला सुमारे सात लाख गर्भपातांची नोंद होत असे! ही तफावत संशोधकांच्या हाती कशी लागली हेही सांगण्याजोगे आहे. रुग्णालयांच्या नोंदवह्यांवर विसंबून न राहता त्यांनी गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीचे आकडे मिळविले, आणि सहा राज्यांतील सरकारी व खासगी दवाखान्यांची पाहणी करून दोहोंचा मेळ घातला. तेव्हा दिसून आले ते असे की, ७३ टक्के गर्भपात दवाखान्याबाहेर, दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी झालेले होते. दवाखान्यात झालेले केवळ २२ टक्के. आणि उरलेले पाच टक्के, म्हणजे सुमारे आठ लाख, इतर उपायांनी. हे ‘इतर उपाय’ कोणते, याचे वर्णन सकाळच्या चहाबरोबर वाचावयाच्या मजकुरात देऊ नये हे बरे.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन टोके टाळली पाहिजेत. गोळ्यांनी होणारा गर्भपात म्हणजे जिवाशी खेळ, हे पहिले टोक. वस्तुस्थिती तशी नाही. नऊ आठवड्यांच्या आत, योग्य प्रमाणात आणि योग्य माहितीसह घेतल्यास या गोळ्या सुरक्षित आहेत, आणि त्यांच्यामुळे कितीतरी बायका वैदूच्या काडीपासून वाचल्या आहेत. दुसरे टोक म्हणजे, गोळी मिळते आहे ना, मग सेवेची गरज काय? गरज ही की, दुकानदाराने पुडी हातावर ठेवलेल्या बाईला किती दिवस गेले आहेत हे कोणी पाहिलेले नसते, गर्भ नळीत तर नाही ना हे तपासलेले नसते, रक्तस्राव किती झाला म्हणजे दवाखाना गाठावा हे सांगितलेले नसते. आणि पुन्हा हीच पाळी येऊ नये म्हणून पुढे कोणते साधन वापरावे याविषयी तर कोणी एक शब्दही बोललेले नसते.

कायद्याची अडचण आहे म्हणावे तर तीही फारशी नाही. शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर १९७१ साली झालेला गर्भपाताचा कायदा त्या काळात जगातील पुष्कळ देशांपेक्षा उदार होता. २०२१ च्या दुरुस्तीने, साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. ठरावीक परिस्थितीत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली. आणि स्त्रीचे नाव गुप्त राखण्याचे बंधन अधिक कडक केले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीस या मुदतीचा लाभ नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाचीही संमती लागत नाही, हे तर १९७१ पासूनच कायद्यात आहे. तरीही कित्येक दवाखान्यांत आजही प्रथम विचारले जाते ते हेच, ‘मिस्टर कुठे आहेत? सही लागेल.’ कायद्याने दिलेला अधिकार टेबलापलीकडच्या खुर्चीने परत घेतल्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्रात तर आणखी एक गुंता होऊन बसला आहे. मुलीचा गर्भ पाडण्याच्या दुष्ट प्रथेविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या राज्याने केला, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. २०१२ साली परळीत आणि २०१७ साली सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे जे उघडकीस आले, त्यानंतर सरकारने कडक व्हावे हेही योग्यच होते. पण कडकपणाचा रोख चुकला. गर्भलिंगनिदान रोखण्याऐवजी गर्भपाताच्या गोळ्यांवरच पाळत बसली. औषध निरीक्षकांच्या भेटी, नोंदवह्या, पावत्या यांचा असा ससेमिरा लागला की कित्येक औषधविक्रेत्यांनी त्या गोळ्या दुकानात ठेवण्याचेच सोडून दिले. आता साधा हिशेब पाहावा. गोळ्या घेण्याची मुदत नऊ आठवडे. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग साधारणतः बारा-तेरा आठवड्यांच्या आधी ओळखू येत नाही. म्हणजे जी बाई मुदतीत गोळी मागते, तिला आपल्या पोटात मुलगा आहे की मुलगी हे ठाऊक असण्याचा संभवच नाही. तिला गोळी नाकारून एकही मुलगी वाचत नाही. होते ते इतकेच की, सातव्या आठवड्यात जे काम सोपे होते ते चौदाव्या आठवड्यावर जाते, किंवा भलत्याच माणसाच्या हाती जाते. चिठ्ठीवाचून गोळी मिळू नये हे आम्हांस मान्य आहे. पण चिठ्ठी असूनही ती मिळू नये हा न्याय कोठला?

येथवर वाचून आमचा सुशिक्षित वाचक कदाचित म्हणेल की, हे सारे खेड्यापाड्यांतले आणि झोपडपट्टीतले प्रश्न. आमच्या घरी ही स्थिती नाही. असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरात एकदा नीट पाहावे. शहरी मध्यमवर्गाने आपली अपत्ये दोनावर आणि एकावर आणली, ते ठीकच झाले. परंतु त्याच घरातील मुलीला वा मुलाला या विषयाची शास्त्रशुद्ध माहिती आईबापांनी दिली आहे का? शाळेत जननसंस्थेचा धडा आला की मुलांना ‘घरी वाचा’ असे सांगण्यात येते. मग ही मुले जाहिरातींवरून शिकतात. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची तातडीची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ती चांगली सोय आहे. पण ती गर्भ पाडत नाही, राहण्यापूर्वी रोखते, आणि नेहमीच्या साधनाची जागा ती घेऊ शकत नाही, एवढे साधे भेद पदवीधर तरुणांनाही सांगता येत नाहीत. पाळी चुकलेली अविवाहित मुलगी आजही प्रथम आईकडे जात नाही. दुसऱ्या उपनगरातला, आपल्याला कोणी ओळखणार नाही असा दवाखाना ती शोधते आणि तेथे खोटे नाव आणि खोटे कुंकू घेऊन जाते. ‘समाजस्वास्थ्या’चे पहिले अंक निघून शंभर वर्षे होत आली, तरी सदाशिव पेठेतून, गिरगावातून आणि आता ठाण्या-डोंबिवलीतूनही तिला खोटे कुंकू लावूनच जावे लागते.

अल्पवयीन मुलींची अडचण याहून बिकट आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याने डॉक्टरांवर पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले. हेतू चांगला, पण त्या धाकाने मुली आणि त्यांच्या आया दवाखान्याची पायरीच चढेनाशा झाल्या. २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने यावरही तोड काढली: मुलीची वा पालकाची विनंती असल्यास डॉक्टराने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. हा निर्णय आपल्या नगरातील किती डॉक्टरांच्या टेबलावर पोचला आहे, याची चौकशी महापालिकेच्या आरोग्य खात्याने केली तर ती वाया जाणार नाही.

पुरुषांच्या साधनांविषयीचे संशोधन ही आणखी एक रखडलेली गोष्ट. खरगपूरच्या तंत्रविद्या संस्थेतील प्रा. सुजय गुहा यांनी पुरुषाच्या शुक्रवाहिनीत टोचावयाच्या औषधाची कल्पना १९७० च्या दशकात मांडली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ३०३ पुरुषांवर केलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले २०२३ साली. गर्भधारणा टाळण्यात ते औषध ९९ टक्के यशस्वी ठरले. चाळीस वर्षांहून अधिक काळ एका माणसाच्या चिकाटीवर ते काम तगले. याच्या उलट, १९८० च्या दशकात बायकांना टोचावयाच्या इंजेक्शनांच्या चाचण्या इतक्या तातडीने सुरू झाल्या की, बायकांना नीट समजावून संमती घेतली जात नाही अशी तक्रार घेऊन स्त्री संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. संशोधनाची घाई कोठे आणि सबुरी कोठे, हे पाहिले म्हणजे वही कोणाच्या हातात आहे ते ध्यानात येते.

मुंबईचे या बाबतीतील स्थान लक्षात घेता काही अपेक्षा करणे गैरवाजवी होणार नाही. गर्भनिरोधक साधनांची चाचणी घेणारा विभाग १९५४ साली याच शहरात सुरू झाला आणि परळची राष्ट्रीय प्रजनन संशोधन संस्था त्यातूनच वाढली. लोकसंख्याविज्ञानाची संस्था देवनारला आहे. असे असता २०१५ च्या त्या अभ्यासासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्यात किती गर्भ नको असताना राहतात, त्यांतील किती साधन न मिळाल्यामुळे आणि किती साधन फसल्यामुळे, गोळी नाकारलेली बाई पुढे कोठे जाते, याचा स्वतंत्र अभ्यास राज्य सरकारने या दोन संस्थांकडे सोपवावा. त्यास लागणारा पैसा एखाद्या उड्डाणपुलाच्या रंगकामाइतकाही नसेल. तोवर आरोग्य खात्याने आपल्या मासिक आढाव्यातील पहिला रकाना बदलावा. शस्त्रक्रिया किती झाल्या हे मागाहून विचारता येईल. तांबी बसविता आणि काढता येणारी परिचारिका किती उपकेंद्रांत हजर होती, छायाच्या आणि इतर गोळ्यांचा साठा किती दिवस संपलेला होता, किती ग्रामीण रुग्णालयांत कायदेशीर गर्भपात होऊ शकला आणि होऊ शकला नसल्यास डॉक्टर नव्हता, औषध नव्हते की नुसतीच इच्छा नव्हती, हे प्रश्न आधी विचारावेत. आणि त्यांची उत्तरे पंधरवड्याच्या पत्रकांबरोबर वृत्तपत्रांकडे धाडावीत. ती आम्ही पहिल्या पानावर छापू.